गिरवणे संपते तिथून

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



वेबसाइट बनवण्याचे काम मी कोणत्याही क्लासला न जाता शिकलो, तुम्ही वसतिगृहाला दिलेल्या जुन्या संगणकावर. त्याबद्दल आभार आहेतच. पण आज बोलायचे आहे ते सुरुवातीचे शिकून झाल्यावर मी जिथे अडकलो त्या जागेबद्दल. आपली मुले आजही तिथेच अडकतात.

पहिल्या वर्षी मी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे धडे एकामागून एक संपवले. व्हिडिओतले शिक्षक जे टाइप करतील ते मी टाइप करायचो आणि पान तयार व्हायचे. वाटले, आपल्याला आले. मग एके दिवशी कोरे पान उघडून बसलो, तर पहिली ओळच सुचेना. बालवाडीत बाई पाटीवर अक्षर काढून देत आणि आपण ते गिरवत असू, तसे माझे झाले होते. गिरवलेले अक्षर सुरेख दिसते, पण तेवढ्याने पत्र लिहिता येत नाही. मग मी काय केले? आणखी एक कोर्स सुरू केला. आणखी एक वर्ष गेले.

मला त्यातून बाहेर काढले ते स्वयंपाकाच्या मावशींनी. शनिवार-रविवारी काही मुले गावी जात, काही उशिरा परतत. संध्याकाळी किती जणांच्या भाकरी थापायच्या हे मावशींना कळत नसे. कधी भाकरी उरत, कधी उशिरा आलेले मूल अर्धपोटी झोपे. त्या म्हणाल्या, "दिवसभर त्या मशिनीपुढं बसतोस, तर एवढं सांगता येईल का तिला?"

हे कोणत्याच धड्यात नव्हते. मुलांची यादी, गेले-आले अशी खूण आणि खाली एक आकडा, एवढ्याला मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी नावे भरली, आणि पडद्यावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. ज्या मुलांची नावे कागदोपत्री नेहमी चुकीची लिहिली जातात, ती माझ्या हातून तर पुसलीच गेली.

मशीन काही चूक दाखवत नव्हते. मग मी एकच नाव घेतले आणि पायरी पायरीने पाहिले. पानावर ठीक, प्रोग्रॅममध्ये ठीक, साठवणीच्या तक्त्यात गेले की बिघडते. दोन रात्रींनी कारण सापडले. तक्ता फक्त लॅटिन लिपीसाठी ठरवलेला होता. यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्या तक्त्यात आपल्या लिपीला जागाच नव्हती. तक्ता यूटीएफ-8 वर नेला आणि नावे वहीवरून पुन्हा भरली. वही होती म्हणून निभावले.

वर्षभराच्या धड्यांनी दिले नाही ते त्या दोन रात्रींनी दिले. मुलांना मी आता हेच सांगतो: कोणाला तरी खरोखर हवे असलेले छोटे काम घ्या. चुकीचा संदेश आला तर घाबरून बंद करू नका, शब्दन्‌शब्द वाचा. मोठी अडचण कापत कापत लहान करा. बदल करण्याआधीची प्रत जपा. त्यासाठी गिट हे साधन मोफत आहे. आणि आपले काम जाणत्या माणसाला दाखवा.

अडते ते या शेवटच्या गोष्टीपाशी. वेब तर आपल्याला फुकटच मिळाली आहे. 30 एप्रिल 1993 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने तिचे तंत्र सर्वांसाठी विनाशुल्क खुले केले. आमच्याकडे साधनांपेक्षा माणसांची उणीव आहे. तुमच्या मंडळीत कोणी या क्षेत्रात नोकरी करत असेल, तर महिन्यातून एक तास एका मुलाचे काम वाचून द्या. नाहीतर मंडळीचे एखादे छोटे काम मुलांना सोपवा, आणि ते चुकले तर धीर धरा. नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट पुन्हा उभा राहिला, तेव्हा कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. आमच्या घरासमोर स्वयंपाकघर होते.

परवा नववीतल्या एका मुलीने त्या यादीला धान्याचा हिशेब जोडला. मी तिच्या कामातल्या दोन चुका काढल्या. तिने माझी एक काढली.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.