जामसांवलीत राहावयाचे कोणी?

सौंसरजवळच्या जामसांवलीचा मारुती निजलेला आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. शनिवारी-मंगळवारी नागपूरपर्यंतची माणसे तेथे लोटतात. २०२३ साली तेथे ‘हनुमान लोक’च्या कामाचे भूमिपूजन झाले, आणि त्याच वर्षी पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. मोठे देवस्थान आणि नवा जिल्हा एकत्र आले की जमिनीचा भाव चढतो, हे सांगावयास ज्योतिषी नको. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, आणि ते का मिळू नयेत? पण पहाटे प्रांगण झाडणारी बाई, रात्रपाळीची परिचारिका, बंदोबस्ताचा शिपाई, शाळेचा मास्तर यांनी राहावयाचे कोठे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका तीर्थाच्या गावी मी दुकानामागच्या खोलीत राहत असे. यात्रा आली की मालक ती खोली यात्रेकरूंना देई, आणि मी वर्गातली बाके जोडून निजे. मालकाचा मला राग नव्हता. आठ दिवसांत त्याला माझे वर्षाचे भाडे सुटत असे.

मुंबईने या बाबतीत एकदा शहाणपण दाखविले होते. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच त्या बीडीडी चाळी. खोली अवघी १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या खोल्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण गिरणी कामगार पायी कामावर पोहोचे. वरळीच्या पहिल्या ५५६ भाडेकऱ्यांना ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली ती २०२५ च्या ऑगस्टात, म्हणजे शंभर वर्षांनी. तीही त्याच जागेवर.

उलट १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. घरासाठी अर्ज केलेले कामगार व त्यांचे वारस पावणेदोन लाखांच्या घरात. घरे मिळाली त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकीच. २०२५ च्या जुलैत ते आझाद मैदानावर जमले, कारण त्यांना शेलू-वांगणीकडची घरे देऊ केली होती. घर नको असे कोणी म्हणत नव्हते. ज्या शहरात हाडे झिजविली तेथेच ते हवे होते. पण तोवर तेथील जमीन हाताबाहेर गेली होती.

जामसांवलीची अजून गेलेली नाही. अडचण निराळी आहे. केंद्राच्या शहरी घरयोजनेत भाड्याच्या घरांनाही स्थान आहे, पण जामसांवली पडले खेडे. ग्रामीण योजना गावच्या बेघर वा कच्च्या घरातल्या कुटुंबांसाठी आहे. बदलून आलेली परिचारिका तिच्यात बसत नाही.

म्हणून ग्रामपंचायत, मंदिराचे विश्वस्त व जिल्हा कचेरी यांनी एकत्र बसून, वाहनतळाची जागा आखतानाच शेजारी चाळीस-पन्नास घरांची जागा आखावी. ती घरे विकावयाची नाहीत. विकली की दुसऱ्या पिढीत ती लॉज होतात. निवृत्तीनंतर कामगाराने जावे कोठे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. निदान दोन वर्षांची मुदत तरी असावी. भाडे पगाराच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये. आणि यात्रेच्या आठ दिवसांत त्यांतली एकही खोली कोणाला रिकामी करावी लागू नये.