आधी तुझी भूमिका सांग

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, कुठेही असाल, आज जरा नीट ऐका. कारण यात माझी एक चूकही आहे.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते नाव होतं, शिवी नव्हती. ज्यूद्वेष मला लहानपणी फक्त पुस्तकांतून माहीत होता. आता मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, मग गाझात युद्ध पेटलं. त्याच महिन्यात एक सहकारी कॉफी ओतता ओतता मला म्हणाला, “इस्रायलबद्दल तुझी भूमिका काय, ते आधी सांग. मग सेमिनारचं बोलू.” खोलीत आम्ही सहा जण होतो. प्रश्न एकटीलाच.

मी इस्रायलची नागरिक नाही. तिथल्या सरकारवर मी स्वतः टीका करते, आणि तशी टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. पण कुणी ज्यू आहे एवढ्यावरून त्याच्याकडे एका देशाचा हिशेब मागायचा, उत्तर पटलं तरच त्याला आपल्यात घ्यायचं, हा मात्र ज्यूद्वेषच.

विद्यापीठात तो नेहमी आरडाओरडा करत येत नाही. कधीकधी फॉर्ममधून येतो. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थी फार झालेत असं वाटलं. त्यांना १५ टक्क्यांची मर्यादा हवी होती. प्राध्यापकांनी ती उघडपणे मान्य केली नाही. मग काय झालं? प्रवेश अर्जात नवे प्रश्न आले. आईचं माहेरचं आडनाव काय? वडिलांचा जन्म कुठला? तुमचं किंवा वडिलांचं नाव कधी बदललंय का? आपल्याकडे “पूर्ण नाव सांग” म्हणतात ना, अगदी तसंच! पुढे फोटो आणि ‘चारित्र्य’ यांना महत्त्व आलं, आणि ज्यूंची संख्या घटली. ‘ज्यू नकोत’ असं कुठेही लिहावं लागलं नाही.

आता माझी चूक. काही आठवड्यांनी एक पॅलेस्टिनी विद्यार्थिनी निबंधासाठी मुदतवाढ मागायला आली. तिचे नातेवाईक गाझात होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हमासबद्दल तुला काय वाटतं?”

ती खाली बघत राहिली. तिचा चेहरा मी ओळखला, कॉफीच्या खोलीत माझाही तसाच झाला होता. मी लगेच माफी मागितली, मुदत दिली. ती “थँक यू, मॅम” म्हणून गेली, पण त्यानंतर माझ्या खोलीत परत आली नाही.

त्या सहकाऱ्याला मी अजून काही बोललेले नाही. या आठवड्यात बोलणार आहे.

तुमच्या कॉलेजात असा ‘आधी सांग’ कुणाला विचारला जातो? आणि तुम्ही कुणाला विचारलाय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.