खदानीची धूळ आणि घरातला खोकला

आज आम्ही गटातल्या बाया खदानीबद्दल बोलणार आहोत. खाण म्हटलं की चंद्रपूरचा कोळसा डोळ्यांपुढं येतो. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपास डोंगर फोडून खडी काढतात, तीही खाणच. १९५२ च्या खाण कायद्यानं दगडाच्या खदानी खाणीतच धरल्या. सहा मीटरपेक्षा उथळ, लहान खदानीला सूट होती, पण सुरुंग लावला की ती सूट गेली. “ही कसली खाण, हा तर खड्डा,” असं मुकादम म्हणाला तर हे ध्यानात ठेवा.

आमच्या गटातल्या एका बाईंचे मालक बरीच वर्षं क्रशरवर होते. खोकला, धाप, अंग वाळत चाललेलं. टीबीचं औषध दोनदा झालं. काम काय करता, हे दवाखान्यात कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. पुढं एका डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठं सिलिकोसिसचं नाव निघालं.

दगडात सिलिका असते. तिचे केसाच्या दहाव्या भागाहून बारीक कण श्वासाबरोबर खोल जातात आणि फुप्फुसात वण पडतात. ते वण औषधानं जात नाहीत. वर अशा माणसाला टीबीही लवकर धरतो. म्हणून थुंकी तपासायचीच, टीबी निघाला तर औषध पुरं घ्यायचंच, पण “आम्ही दगडात काम करतो” हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, तोच आपला दगड. राजस्थानच्या वाळूच्या दगडापेक्षा त्यात सिलिका कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. त्याच्या फटींत गारगोटी सापडते, ती सिलिकाच.

आणि पदर! आपण सगळ्याच तोंडाला पदर बांधतो. त्यानं डोळ्याला दिसणारी धूळ अडते, घातक बारीक धूळ आरपार जाते. चांगला, घट्ट बसणारा मास्क हवा. त्याहून मोठं काम पाणी करतं. दगडाला भोक पाडताना पाणी सोडलं, क्रशरच्या तोंडाशी फवारा ठेवला, की धूळ उठायच्या आधीच बसते. टँकर महाग पडतो, हे मालकाचं म्हणणं आम्ही ऐकलंय. औषधपाण्याचा खर्च मात्र आपल्या घरातून जातो.

खाण कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आपल्याच राज्यात, नागपुरात उभी राहिली. कामावर घेण्याआधी प्रशिक्षण द्यायचं, हे १९६६ च्या नियमांत आलं. सुरुंगाचा इशारा, न फुटलेला बार, वर लोंबणारा दगड, हे सगळं त्यात शिकवायचं असतं. जुन्या खाण कायद्याखाली कामाला लागताना आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी होती, छातीचा एक्स-रे धरून. बाया कामाला असतील तिथं पाळणाघर, हेही त्यात होतं. आपली लेकरं मात्र खडीच्या ढिगाशेजारी झोळीत झोपतात, तीच धूळ खात.

आम्ही गटाच्या वहीत एक पान वाढवलंय. कोण कुठल्या खदानीवर, किती वर्षं, काम फोडायचं की भरायचं, एक्स-रे कधी काढला. आतापर्यंत एक्स-रेचा रकाना बहुतेक रिकामाच आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही सोबत नेणार आहोत.