तिटकारा येतो, द्वेष करावा लागतो

(हीरक महोत्सवी वर्षातील सभेत मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या मंगल वर्षात मुख्याध्यापिकेने कृतज्ञतेवर बोलावे, फार तर संस्कारांवर बोलावे, अशी रीत आहे. कृतज्ञता आपणा सर्वांच्या मनात आहेच आणि माझ्याआधीच्या वक्त्यांनी ती माझ्याहून चांगल्या शब्दांत व्यक्त केली आहे. मी निवडलेला विषय काहींना अमंगळ वाटेल. तो आहे तिटकारा. भावना म्हणून त्याचा विचार करायचा आहेच, पण आधी शब्द म्हणून. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्यांना मातृभाषेची झीज रोज दिसते. माझा अनुभव असा की ही झीज प्रेमाच्या शब्दांपाशी सुरू होत नाही, नावडीच्या शब्दांपाशी सुरू होते.

आठवीच्या वर्गात मी एकदा न आवडणाऱ्या गोष्टींवर वाक्ये लिहायला सांगितली. आलेली वाक्ये अशी होती : मला कारल्यापासून नफरत आहे. मला गणितापासून नफरत आहे. मला खोटे बोलणाऱ्यांपासून नफरत आहे. एका मुलीने लिहिले, मला माझ्या बाकावरच्या मुलीपासून नफरत आहे. ज्यांनी नफरत लिहिले नाही, त्यांनी हेट लिहिले होते. कारले, गणित, असत्य आणि शेजारीण, चौघांना एकाच दोरीने बांधलेले!

व्याकरणाचे आधी सांगते. 'कारल्यापासून' हे हिंदीतल्या 'से'चे मराठीकरण आहे. मराठीत तिटकारा, किळस, चीड, द्वेष या सर्वांना षष्ठी लागते : कारल्याचा तिटकारा, घाणीची किळस, अन्यायाची चीड. मौज अशी की संस्कृतात जुगुप्सेच्या अर्थाच्या धातूंना पंचमीच लागते, पापापासून जुगुप्सा. म्हणजे आमच्या आठवीच्या मुलांनी नकळत संस्कृतचा नियम पाळला म्हणायचा. गुण मात्र मी कापले.

पण खरा प्रश्न विभक्तीचा नव्हता. त्या मुलीला जवळ बोलावून विचारले, तेव्हा कळले की शेजारची मुलगी तिची वही न विचारता घेते. यात नफरत कुठे आली? हा तर साधा राग आहे, आणि तो रास्तही आहे. पण तिच्याजवळ एकच शब्द होता आणि तो फार मोठा होता. लहान भावनेला मोठा शब्द दिला की भावना त्या मापाची होऊ लागते. आठवडाभर त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याला वही जितकी कारण होती तितकाच तो शब्दही कारण होता, असे माझे मत आहे.

मराठीजवळ या प्रांतात केवढी संपत्ती आहे ते पाहा. नावड ही सर्वांत सौम्य. जी गोष्ट एके काळी आवडत होती, तिचा अतिरेक झाला की वीट येतो. लाडवांचा वीट येतो, कारल्याचा येत नाही, कारण कारल्यावर आधी प्रेमच नव्हते. याच वीटवरून विटणे आले. कापडाचा रंग विटतो, शिजवलेले अन्न विटते, तसा जीव विटतो. (पांडुरंग उभा आहे ती वीट स्त्रीलिंगी आणि येतो तो वीट पुल्लिंगी, हे परीक्षेत विसरू नये.) उबग हा विटाचा सख्खा भाऊ, पण त्यात कंटाळ्याचा थकवा अधिक. किळस आणि शिसारी शरीराच्या आहेत. त्या नाकाला, जिभेला, अंगावरच्या काट्याला आधी कळतात आणि मनाला मागाहून. तिटकारा शरीरात सुरू होऊन मनात मुक्काम करतो. म्हणून कारल्याचाही तिटकारा असू शकतो आणि ढोंगाचाही. ढोंगाचा तिटकारा असणे आपण गुण मानतो आणि तसे अभिमानाने सांगतो. द्वेषाचा अभिमान सांगताना मात्र सज्जन माणूस अडखळतो.

तो का अडखळतो, याचे उत्तर या शब्दांमागे येणाऱ्या क्रियापदांत आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. किळस येते, शिसारी येते, वीट येतो, चीड येते. मी येथे कर्ता नाही. 'मला' आहे, चतुर्थीत आहे. पाहुणा यावा तशी ती भावना माझ्याकडे आली. तिटकाराही बहुधा येतो किंवा वाटतो. क्वचित आपण तो करतो. तिरस्कार वाटतोही आणि आपण तो करतोही, तो उंबरठ्यावर उभा आहे. द्वेष मात्र करावा लागतो. 'मी त्याचा द्वेष करतो' या वाक्यात कर्ता प्रथमेत उभा आहे, त्याला लपता येत नाही. आणि तिसरा वर्ग धरण्याचा. आकस धरतात, डूख धरतात, मनात अढी धरतात. आंब्यांचीही अढी लावतात. गवतात झाकून ठेवले की आंबे आतल्या आत पिकतात. मनातली अढीही झाकलेलीच पिकते, फक्त तिचा सुगंध सुटत नाही. अशी अढी बसली की समोरच्याचे काहीच गोड लागत नाही. नावडतीचे मीठ अळणी ही म्हण आपल्या आज्यांनी तेवढ्यासाठीच जपली. मीठ खारटच असते हो, बदललेली असते ती जीभ!

येणे, करणे, धरणे. नफरत आणि हेट या शब्दांनी मुलांच्या तोंडून हा भेदच पुसला जातो. हिंदीला मी मुळीच नावे ठेवत नाही. आपण इंदुरात राहतो, हिंदीच्या अंगणात वाढलो. आचार्य रामचंद्र शुक्लांनी 'चिंतामणि'त घृणेवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे आणि घृणा व क्रोध यांतला फरक फार मार्मिकपणे दाखवला आहे : घृणा आपल्याला विषयापासून दूर नेते, क्रोध त्याच्याकडे नेतो. माध्यमिक वर्गांतल्या मराठीच्या शिक्षकांनीही तो निबंध वाचावा. घोटाळा होतो तो एका भाषेचा शब्द दुसरीत न तपासता आणल्यामुळे. हिंदीतली 'चिढ़' ही क्षुल्लक गोष्टींचीही असते, कुणाच्या शिट्टी वाजवण्याचीसुद्धा. मराठीतल्या चिडीला न्यायाची बाजू आहे. अन्यायाची चीड म्हटले की ते वाक्य ताठ उभे राहते. गाडगेबाबा ज्या गावात जात तेथे आधी खराटा हातात घेत. घाणीची नुसती किळस आलेला माणूस नाक धरून पुढे गेला असता. बाबांना घाणीची चीड होती, म्हणून ते तिच्याकडे गेले.

शब्दांची मनेही पालटतात, याचे दोन दाखले देते. योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत, त्यांत राग आणि द्वेष हे शेजारी शेजारी येतात. तेथे राग म्हणजे आसक्ती, मन रंगून जाणे. मराठीत तोच राग संताप झाला. उलट लोभ हा षड्रिपूंपैकी एक. पण आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहितो आणि त्याला माया म्हणतो. दुसरा दाखला अधिक विलक्षण आहे. संस्कृतात घृणा या शब्दाचा एक प्रचलित अर्थ दया, कोवळीक असा आहे. दुसऱ्याकडे पाहून मन द्रवणे आणि दुसऱ्याकडे पाहून मन आक्रसणे, ही दोन्ही टोके एकाच शब्दाने पाहिली. आज पहिला अर्थ आपल्या बोलण्यातून पार गेला आहे.

तिरस्काराचेही असेच. त्याचा मूळ अर्थ बाजूला सारणे, दृष्टीआड करणे. नाटकात किंवा दालनात लावलेल्या पडद्याला तिरस्करिणी म्हणत. 'विक्रमोर्वशीया'त उर्वशी तिरस्करिणी विद्येने अदृश्य होऊन राजाजवळ येते. तेथे तिरस्करिणी हा प्रेमाचा लपंडाव आहे. पण माणसाने माणसाला पडद्याआड सारले की काय होते, ते शाळेशी नाते असलेल्या प्रत्येकाने ऐकले पाहिजे.

येथून जवळच्या महूला 1891 साली जन्मलेल्या एका मुलाची ही हकीकत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतले दिवस सांगितले आहेत. वर्गात त्यांना इतर मुलांत बसता येत नसे. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळा झाडणारा नोकरही शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

आता या प्रसंगाला आपल्या यादीतला कोणता शब्द लावाल? द्वेष म्हणावा तर त्या लहान मुलाने कुणाचे काय बिघडवले होते? विचारले असते तर उत्तर बहुधा 'येणे'च्या भाषेत आले असते : आम्हाला तसे वाटते, आम्ही काय करणार? येथे मराठीचे हे सुंदर व्याकरण आपल्याला फसवते. 'मला किळस येते' या वाक्यात मी निर्दोष दिसतो. पण कारल्याची शिसारी जशी जिभेला येते, तशी माणसाची शिसारी कोणाच्याही जिभेला जन्मतः येत नाही. ती घरात, ओसरीवर, पाणवठ्यावर शिकवली जाते आणि इतकी नीट शिकवली जाते की शिकणाऱ्याला ती आपोआप आलीशी वाटते. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्यायले, तेव्हा तळ्याच्या पाण्यात काहीच बदलले नव्हते. तरी नंतर त्या तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. शुद्धीकरण हे 'येत' नाही, ते हातांनी करावे लागते. ज्या क्षणी घागरी उचलल्या गेल्या, त्या क्षणी चतुर्थीतला 'मला' प्रथमेत आला.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. मूल जेव्हा 'मला त्याची किळस येते' असे एखाद्या सोबत्याबद्दल म्हणेल, तेव्हा 'असे बोलू नये' एवढे सांगून पुढे जाऊ नका. कशाची येते, ते विचारा. त्याच्या डब्याची? त्याच्या बोलण्याच्या ढबीची? कपड्यांची? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला मूल गप्प होते, कारण ते वाक्य त्याचे नसतेच, घरून आलेले असते. पालकांनी हे ऐकून रागावू नये. रागावलात तरी तो रागच असू द्या, आकस नको.

या वर्षाअखेर आपण जे हस्तलिखित काढणार आहोत, त्यात नावडीच्या शब्दांचे एक दालन ठेवायचे ठरले आहे. आपल्यापैकी कुणाची घरे विदर्भातून आली, कुणाची कोकणातून, काही कुटुंबे होळकरशाहीपासून माळव्यात आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या तोंडचा असा एकेक शब्द आणि तो ज्यात वापरतात ते एक वाक्य, प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर लिहून आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावे. वाक्य पूर्ण असावे आणि त्यातला कर्ता कोण, हे खाली रेघ मारून दाखवावे. आठवीच्या त्या दोघी मुली आता दहावीत आहेत. कागद गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे दिले आहे.