कुंपणाआडचं गवत



लंडनच्या पूर्वेला, टेम्स नदीकाठी रेनहॅमची पाणथळ कुरणं आहेत. शंभराहून अधिक वर्षं तिथं सैन्याचा गोळीबाराचा सराव चाले. त्यामुळे बाहेरच्यांना मज्जाव होता. बंदुका वाजत, पण नांगर लागला नाही आणि वसाहतही झाली नाही. २००० साली तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेनं ती जमीन विकत घेतली. चरांत पाणी धरून ठेवलं, गुरं चारून गवत बेताचं राखलं आणि २००६ मध्ये लोकांना आत घेतलं.

हे भुसावळकरांनी ऐकावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे दोन आयुध निर्माणी आहेत, भुसावळची १९४९ची आणि वरणगावची १९६४ची. दोन्ही चालू आहेत, त्या चालाव्यातच. पण अशा कुंपणाआड मोकळा माळ राहिला, की त्यावर पवन्या, कुसळी वाढते. आपण त्याला सरसकट पडीक म्हणतो आणि पावसाळा आला की खड्डे खणून रोपं लावायला निघतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाही. उंच गवतात, जमिनीवर, थव्यानं मुक्काम करतो. दिवसा नाकतोडे टिपतो. त्याच्या माळावर झाडी दाटली तर त्यानं उतरायचं कुठं?

गवतासारखंच गाळाचंही. वरणगावपासून जवळच हतनूर धरण. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो आणि दोन्ही नद्यांचा गाळ धरणात बसतो. पाणीसाठा घटतो, ही चिंता खरीच. भुसावळचं पाणी आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज त्यावरच आहे. पण त्याच गाळानं काठ उथळ झाला आहे. थापट्या बदक आपली फावड्यासारखी चपटी चोच पाण्यावर टेकवून इकडून तिकडे फिरवत पुढे सरकतं. चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून पाणी गळून जातं, बारीक किडे आत राहतात. उथळ पाण्यात त्याला हे चांगलं साधतं. पाणी ओसरलं की त्याच काठावर गाळपेर होते, आणि शेतकरी व पाखरं एकाच चिखलावर येतात. गाळपेर करणाऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय इथं काहीच राखता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उद्या सरकारी कुंपणाआडची एखादी जमीन मोकळी झालीच, तर प्लॉट पाडण्याआधी एक हिवाळा तिथलं गवत बघू द्या.

आणि हतनूरला जाणार असाल तर उजाडताच जा. गाडी लांब लावा, काठापर्यंत नेऊ नका. ऊन चढलं की बदकं मधल्या पाण्यात सरकतात.