एक तास ऐकण्याचा, एक तास वाचनाचा
(माध्यमिक शाळांतील इंग्रजी अध्यापकांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण, सातारा)



सातारकरांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. काल रात्री उशिरापर्यंत गाड्या येत होत्या. कुणी गडचिरोलीहून दोन दिवस प्रवास करून आलं, कुणी घरातलं लग्नकार्य आटोपून परस्पर स्टँडवर गेलं. इथे बसलेल्या बहुतेकांना सोमवारी सकाळी पुन्हा वर्गावर उभं राहायचं आहे. या दोन दिवसांत जे बोललं जाईल ते त्या सोमवारी उपयोगी पडावं, हे ध्यानात ठेवूनच स्वागत समितीने कार्यक्रम आखला आहे.

इंग्रजीच्या शिक्षकांनी साताऱ्यात जमावं, याला मोठं औचित्य आहे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शहरातल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इथे इंग्रजीची मुळाक्षरं गिरवणारा हा विद्यार्थी १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचं आवाहन केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ज्यांच्या घरात पाटी नव्हती अशांच्या मुलांसाठी शाळेची दारं उघडली. या तिघांनाही शिक्षण खालच्या थरापर्यंत न्यायचं होतं. इंग्रजी मूठभरांकडेच राहिली तर ते होणार नाही, हे बाबासाहेबांनी आणि सावित्रीबाईंनी पुरतं ओळखलं होतं.

संमेलनाचा विषय ठरला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, श्रवण आणि वाचनच का? पालकांना मुलं बोलायला हवी आहेत. गावोगावी स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत. मग संभाषणावर संमेलन का नाही?

माझं उत्तर अकरावीच्या वर्गातून आलं आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं विज्ञान शाखेत जातात तेव्हा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र एकाएकी इंग्रजीत होतं. त्या वर्गात त्यांना बोलायला कुणी लावत नाही. पाऊण तास ऐकायचं असतं आणि घरी जाऊन जाड पुस्तक वाचायचं असतं. माझी एक विद्यार्थिनी दहावीला इंग्रजीत उत्तम गुण मिळवून गेली होती. दिवाळीत भेटायला आली तेव्हा म्हणाली, “सर, फळ्यावर लिहिलेलं कळतं. मॅडम बोलायला लागल्या की ओळखीचे शब्दसुद्धा ओळखू येत नाहीत.” तिची हुशारी कमी पडली नव्हती, पाठांतरही कमी पडलं नव्हतं. दहावीपर्यंत कुणी तिच्या कानांना सराव दिलेला नव्हता. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलीची ही स्थिती असेल, तर आपण त्या दहा वर्षांचं काय केलं हे आपणच तपासायला हवं.

कानांची अडचण नेमकी कुठे आहे, ते थोडं विस्ताराने मांडतो, कारण या भागाकडे आपलं सर्वांत कमी लक्ष असतं. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच वेळ देतो. इंग्रजीत आघात असलेलं अक्षर ठसठशीत उमटतं आणि भोवतालची अक्षरं आखडतात. पुस्तकात ‘कम्फर्टेबल’ असा वाचलेला शब्द कानावर ‘कम्फ्टबल’ असा येतो. ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’ होतं. ‘डिड यू’ हे दोन शब्द जोडून ‘डिजू’ ऐकू येतात, ‘ॲन ॲपल’चं ‘अ नॅपल’ होतं. ‘टू’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘अँड’ हे लहान शब्द तर ओठातल्या ओठातच संपतात. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक हुकला की वाक्याचा अर्थच उलटतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही ध्वनींना आपला एकच ‘व’, म्हणून ‘वेस्ट’ म्हणजे दिशा की बंडी, हे आपल्या मुलाला संदर्भावरून ठरवावं लागतं. ‘शिप’ आणि ‘शीप’मध्येही तसंच. आकड्यांचं आणखी वेगळं. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी घेतो, इंग्रजीत वीस आधी येतात. शिवाय मुलगा ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्येही अडखळतो, आणि प्रश्नाचं उत्तर येत असूनही चुकीचा आकडा लिहून बसतो.

यातलं काहीही व्याकरणाच्या तासाला शिकवून येत नाही. ते ऐकूनच येतं, आणि रोज थोडं थोडं ऐकून येतं. त्यासाठी स्मार्ट बोर्ड लागतो, भाषा-प्रयोगशाळा लागते, असं मी मानत नाही. माण-खटावच्या शाळेत वीज गेलेली असतानाही एक साधन वर्गात हजर असतं, ते म्हणजे शिक्षकाचा आवाज. पुस्तकं मिटवून घ्या. आठ-दहा ओळींचा एक उतारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचा. मुद्दाम शब्द तोडून, हळू वाचू नका. पहिल्या वाचनाला एकच प्रश्न: कोणाविषयी चाललं आहे? दुसऱ्या वाचनाला मुलांनी ऐकू आलेले शब्द आणि आकडे टिपायचे. शेजारच्या बाकावरच्या मित्राशी ते जुळवून पाहायचे. तिसऱ्या वाचनाला पुस्तक उघडून, जे निसटलं ते नेमकं कुठे निसटलं हे शोधायचं. या तिसऱ्या वाचनात खरं शिक्षण होतं. माहीत असलेला शब्द आपल्याला ऐकू का आला नाही, हे मूल तिथे स्वतः शोधून काढतं. सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरतात.

शाळेबाहेरही साधनं आहेत. आपल्या रेल्वे स्टेशनवर एकच सूचना मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत दिली जाते. मराठी ऐकून अर्थ कळलेलाच असतो, मग इंग्रजी सूचनेतला गाडीचा क्रमांक, फलाटाचा क्रमांक आणि वेळ टिपायला मुलांना सांगा. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन हे तर आपल्या मुलांना लाभलेलं मोठं धन आहे. चेंडू कुठे गेला हे डोळ्यांना दिसत असतं आणि त्याच क्षणी ते इंग्रजीत कानावर पडत असतं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बेताच्या वेगाने, मर्यादित शब्दांत कार्यक्रम करण्याची परंपरा जुनी आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं ते सुमारे दीड हजार शब्दांच्या आत. बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे कार्यक्रम त्याही आधीचे, १९४३ पासूनचे. आज असं साहित्य मोबाईलवर विनामूल्य मिळतं. पालकाचा फोन दिवसातून दहा मिनिटं मुलाच्या हाती यासाठी पडू शकतो, हे पालकसभेत समजावून सांगायचं काम आपलं.

परिपाठाकडेही मी आपलं लक्ष वेधतो. रोज सकाळी एखादा विद्यार्थी इंग्रजीत बातम्या वाचतो आणि उरलेली शाळा उन्हात उभी राहते. बातम्या संपल्यावर त्यांवर फक्त दोन प्रश्न विचारले, तर तीच सगळी शाळा ऐकू लागेल.

आता वाचनाकडे येतो. आपल्या वर्गात इंग्रजीचा धडा म्हणजे शिक्षकाने एक वाक्य वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, मग पुढचं वाक्य. धडा संपतो, प्रश्नोत्तरं लिहून होतात, आणि मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी एक पानही वाचलेलं नसतं. मग प्रश्नपत्रिकेत पाठाबाहेरचा उतारा आला की मूल प्रश्नातला एक शब्द पकडतं, तो उताऱ्यात शोधतं आणि ते सबंध वाक्य उतरवून काढतं. त्याला गुण मिळतातही, पण त्याला वाचन म्हणता येणार नाही.

वाचन होण्यासाठी मजकूर सोपा हवा. या विषयातले अभ्यासक सांगतात की शंभर शब्दांतले पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील, तरच उरलेल्यांचा अर्थ अंदाजाने लावत वाचन पुढे सरकतं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या पानावर नववीच्या मुलाला शंभरात पंधरा-वीस शब्द अडत असतील, तर ते पान अभ्यासाचं झालं, वाचनाचं नव्हे. पाठ्यपुस्तक हवंच, त्याच्या जोडीला सोपी पुस्तकं हवीत. आठवीच्या मुलाने चौथीच्या पातळीचं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचलं तर त्यात कमीपणा नाही. त्याने अशी वीस पुस्तकं वाचावीत.

हे केवळ माझं मत नाही. १९२०च्या दशकात मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची पहिली गरज आहे ती वाचण्यासाठी, असा निष्कर्ष त्यांनी १९२६ साली मांडला आणि मोजक्या शब्दांतली वाचनमाला तयार केली. १९८० साली फिजी बेटांवर वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी ग्रामीण शाळांमध्ये एक प्रयोग केला. तिथल्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्यांत भारतीय वंशाची मुलंही होती. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजी गोष्टींची प्रत्येकी सुमारे अडीचशे सचित्र पुस्तकं दिली आणि ती रोज वाचायला वेळ दिला. काही महिन्यांतच ही मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यांचं वाचन तर सुधारलंच, ऐकून समजण्याची ताकदही वाढली. दुसऱ्या वर्षी तोच लाभ लेखनात आणि व्याकरणातही दिसला. म्हणजे ही दोन कौशल्यं एकमेकांना हात देतात, आणि उरलेली दोन त्यांच्या मागून येतात.

अडीचशे पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न आजच्या शाळेला पूर्वीइतका अवघड नाही. प्रथम बुक्सचा ‘स्टोरीवीव्हर’ हा उपक्रम २०१५ पासून मराठी-इंग्रजीसह अनेक भाषांतल्या गोष्टी पातळीनुसार लावून विनामूल्य देतो, त्या छापूनही घेता येतात. एकच गोष्ट आधी मराठीत आणि मग इंग्रजीत वाचली, तर अडखळणाऱ्या मुलाला मोठा आधार मिळतो. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत. मात्र पुस्तकं आणून कपाटाला कुलूप लावायचं असेल तर ती न आणलेलीच बरी. पुस्तकं फाटली तर फाटू देत, ती वाचली गेल्याची तेवढी खूण तरी राहील.

आणि इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ज्या मुलाचं मराठी वाचन थांबलं आहे, त्याला इंग्रजी वाचन शिकवता येत नाही. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, न कळलेल्या वाक्याकडे परत जाणं, पात्राच्या मनात शिरणं, या सवयी मूल आपल्या भाषेत कमावतं आणि दुसऱ्या भाषेत नेतं. आपल्या जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. परवा सकाळी ज्यांना सवड आहे त्यांची तिथे जाण्याची सोय आम्ही केली आहे. इंग्रजीच्या शिक्षकांनी मराठी पुस्तकांच्या गावी जाणं मला या संमेलनाचाच भाग वाटतं.

परीक्षेविषयी थोडंसंच बोलतो. दहावीच्या इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि ऐकण्या-बोलण्याच्या परीक्षेचे २० गुण शाळेच्या हातातले. मधल्या एका वर्षी हे अंतर्गत गुण बंद झाले होते, २०१९ मध्ये ते परत आले. ते परत यावेत यासाठी आपण सर्वांनी आवाज उठवला होता. मग त्या गुणांमागे मुलाने खरोखर काही ऐकलं आहे, याची खात्री देणंही आपल्याकडेच येतं. जून ते जानेवारी दर आठवड्याला ऐकण्याचा सराव झाला असेल, तर ही परीक्षा घेणं शिक्षकाला जड जाणार नाही आणि मुलालाही तिची भीती राहणार नाही.

मंडळी, हे संमेलन उभं राहिलं ते शहरातल्या शाळांच्या शिपायांपासून मुख्याध्यापकांपर्यंत अनेकांच्या श्रमातून. सतरंज्या घालणारी, तुमच्या राहण्याच्या खोल्या झाडणारी, स्टँडवर फलक घेऊन उभी राहिलेली मुलं आपलेच विद्यार्थी आहेत. देणगीदारांनी सढळ हाताने मदत केली, भोजनाची जबाबदारी शिक्षिकांच्या गटाने उचलली. या सर्वांचा मी ऋणी आहे. व्यवस्थेत कुठे उणीव जाणवली तर आम्हाला हक्काने सांगा, आम्ही ती लगेच दूर करू.

माझी या संमेलनाकडे एकच मागणी आहे. ठराव पुष्कळ होतील, त्यांत एक ठराव असा करा की येत्या जूनपासून आठवी, नववी आणि दहावीच्या प्रत्येक तुकडीच्या वेळापत्रकात इंग्रजीच्या तासांपैकी एक तास ऐकण्याचा आणि एक तास मूक वाचनाचा असेल, आणि अभ्यासक्रम पूर्ण करायचा म्हणून हे दोन तास कुणी काढून घेणार नाही. ठराव झाला की तो शासनाकडे पाठवू, पण शासनाच्या उत्तराची वाट पाहू नका. वेळापत्रक तुमच्या शाळेत, तुमच्या हाताने लिहिलं जातं. ते तसं लिहा, एवढी विनंती करून मी आपलं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि माननीय उद्घाटकांना संमेलनाचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.