टपाचे पोपडे आणि गटाचे पैसे

आज पापड-मसाल्याचं बोलणं नाही. आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या रंगाबद्दल. हसू नका! गाडी गटाची असेल, तर तिचा रंगही गटाचाच प्रश्न होतो. आमचा झाला.

आमच्या दहा जणींच्या बचत गटाने बाजाराला माल नेण्यासाठी एक जुनी बंद व्हॅन घेतली. चंदेरी रंगाची. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. गाडी घेतली तेव्हा टप थोडा फिकट दिसत होता. आम्ही म्हटलं, जुनी आहे, चालायचंच. दोन उन्हाळे गेले आणि टपावर, बॉनेटवर बारीक भेगा दिसू लागल्या. टाचांना पडतात तशा. मग पांढरट पापुद्रे सुटायला लागले.

आमच्यातल्या एकीने तालुक्याच्या गावी गाडी पॉलिश करून आणली. बाराशे रुपये गेले. चार दिवस टप चकाकला आणि महिन्याभरात पोपडे दुप्पट झाले. मग मीटिंगमध्ये जे व्हायचं ते झालं. "कुणाला विचारून पैसे दिले?" इथपासून "बायकांना गाडीतलं काय कळतं, असं लोक उगाच म्हणत नाहीत" इथपर्यंत. जिने काम करून आणलं ती बिचारी रडकुंडीला आली. तेव्हा ठरवलं, आधी समजून घ्यायचं आणि मगच पैसे काढायचे.

गावातल्या एका जुन्या पेंटरभाऊंकडे आम्ही चौघी गेलो. त्यांनी नीट समजावलं, ते तुम्हालाही सांगतो.

चंदेरी किंवा चमकदार रंगाच्या गाडीवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला पेंटर लोक क्लिअर म्हणतात. चमक असते ती या क्लिअरची, आणि ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा सगळं तोच झेलतो. पण तो असतो अगदी पातळ, आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हाने तो वर्षानुवर्षं वाळतो, कडक होतो आणि तडकतो. टप आणि बॉनेट सरळ उन्हाला तोंड देतात, म्हणून तिथे आधी. दारांवर बरंच नंतर.

आता पॉलिश का फुकट गेलं? पॉलिश म्हणजे वरचा थर किंचित घासून गुळगुळीत करणं. क्लिअर नुसता मळकट झाला असेल, तर त्याने फरक पडतो. पण भेग पडली असेल, तर घासल्याने उरलेला थर आणखी पातळ होतो आणि पोपडा लवकर सुटतो. भेग काही सांधत नाही.

ओळखायचं कसं? गाडी धुऊन, वाळवून नखाची कड हलकेच फिरवा. नख अडकलं, पापुद्रा उचलला, तर पॉलिशचं काम संपलं. दुसरी खूण अशी, की साध्या एकरंगी जुन्या गाड्यांवर पुष्कळदा क्लिअर नसतोच. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर नाही.

आमच्या आक्का मात्र ऐकेनात. "दिसण्यासाठी कशाला पैसे घालायचे? पापड गाडीत बसतात, टपावर नाही." बोलणं खोटं नव्हतं. पण पेंटरभाऊंनी टपाच्या कडेची पन्हळ दाखवली. तिथे क्लिअर गेला होता, खालचा रंग गेला होता आणि पत्र्याला गंज धरला होता. क्लिअर गेला की रंग उघडा पडतो, रंग गेला की प्रायमर, आणि मग पाणी पत्र्याला भिडतं. पत्रा सडून भोक पडलं, तर पावसाचं पाणी थेट पापडाच्या पोत्यावर. हे पाहिल्यावर आक्काच म्हणाल्या, "मग करा. पण दारांना हात लावू नका, ती चांगली आहेत." तसंच ठरलं. फक्त टप आणि बॉनेट.

मैत्रिणींनो, भिंतीचे पोपडे न खरवडता वरून चुना मारला तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तेच. तडकलेल्या क्लिअरवर नवा क्लिअर मारला, तर भेगा पुन्हा वर येतात. म्हणून पेंटरला पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक, सुटलेला सगळा क्लिअर पॉलिश पेपरने घासून काढणार का? दोन, गंज पत्र्यापर्यंत साफ करून प्रायमर लावणार का? तीन, रंग आणि क्लिअर पूर्ण टपाला कडेपर्यंत मारणार, की मध्येच तुकडा जोडणार? मधला जोड आज दिसत नाही, पण पोपडा पुन्हा तिथूनच सुटतो. चार, क्लिअर हार्डनर घालून मारणार का? डबीतला तयार स्प्रे स्वस्त पडतो, पण तेवढा टिकत नाही.

आणि आम्ही केली ती युक्ती. घासून झाल्यावर, रंग मारण्याआधी आम्हाला बोलवा, असं आधीच सांगून ठेवलं. आम्ही जाऊन सगळ्या टपावर हात फिरवला. एका कोपऱ्यात नख अडकलं. पेंटरभाऊंनी न कुरकुरता तो पुन्हा घासला.

हे काम घरच्या अंगणात मात्र करू नका. हार्डनरच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. तोंडाला पदर बांधून किंवा साधा मास्क लावून तो अडत नाही. थिनरच्या वाफेला चुलीची ठिणगीही पुरते. पोरंबाळं आणि पोटुशी बाई तिथे नकोच. काम पावसाळ्यातही नको, दमट हवेत क्लिअर पांढरट पडतो. आम्ही दिवाळीनंतरचे कोरडे दिवस धरले.

रंग तोच ठेवला, म्हणून कागदपत्रांचा प्रश्न आला नाही. रंग बदलायचा असेल, तर आरसी पुस्तकात नोंद करावी लागते. आणि विम्याची आशा धरू नका. उन्हाने, वयाने झालेली झीज विम्यात बसत नाही.

आता गाडी शेडखाली उभी असते. शेड नसेल तर झाडाखाली, पण पक्षी बसतात तिथे नको. विष्ठा पडली तर लगेच भिजवून पुसायची, कोरडी खरवडायची नाही. धुताना कपड्याची पावडर, राख, काथ्या, तारेची घासणी बंद. भरपूर पाणी, गाडीचा शाम्पू आणि मऊ फडकं. नवा क्लिअर पुरता वाळावा म्हणून महिनाभर मेण लावलं नाही.

आणि ज्या बाईने पॉलिशचे पैसे दिले होते, तिच्याकडेच आम्ही गाडीची वही सोपवली आहे. चूक तिच्या एकटीची नव्हती. न विचारता पैसे देणं आणि न बघता गाडी घेणं, दोन्ही आमच्या सगळ्यांचंच होतं. आता दर पौर्णिमेच्या मीटिंगआधी ती टपावरून नख फिरवते आणि वहीत लिहिते.

तुमच्या गटाची गाडी असेल, तर उद्या सकाळच्या उजेडात टप बघून घ्या. रामराम.